जर्मनीतील शिक्षणव्यवस्था : चौथीची चाळण आणि दुसरी वाट

गेल्या वर्षी मंडळाच्या वतीने दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. कार्यक्रम संपून खुर्च्या आवरत असताना एक सभासद आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणतात. पोराला पाठवायचं म्हणतोय. तुमच्या बँकेतून कर्ज किती मिळंल?" त्यांच्या हातात एका सल्ला केंद्राचे चकचकीत पत्रक होते. त्या केंद्राने नोंदणीपोटी पन्नास हजार रुपये आधीच घेतले होते. मुलगा नुकताच बारावी झालेला. जर्मन भाषेचा गंध नाही. शिक्षण जर फुकट, तर पन्नास हजार कशाचे, असे आम्ही विचारले. त्यांना सांगता आले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या देशाची शिक्षणव्यवस्था नेमकी कशी चालते हे आम्हांलाही ठाऊक नव्हते. त्यानंतर मिळेल ते वाचले, तिकडे शिकत असलेल्या दोन मुलांशी सविस्तर बोललो. त्यातून जे समजले ते सभासदांसाठी व अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांसाठी येथे मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जर्मनीत सोळा राज्ये आहेत आणि शिक्षण हा विषय मुख्यतः राज्यांचा आहे. १९४९ च्या राज्यघटनेने तो राज्यांकडे ठेवला. हिटलरच्या राजवटीत शाळा बर्लिनमधून हाकल्या जात होत्या, तो अनुभव ताजा होता. परिणामी बायर्नमधील शाळा आणि बर्लिनमधील शाळा यांत पुष्कळ फरक असतो. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक स्थायी परिषद १९४८ पासून आहे, ती निरनिराळ्या राज्यांची प्रमाणपत्रे एकमेकांना मान्य व्हावीत एवढा मेळ घालते. तेव्हा "जर्मनीत असे असते" हे वाक्य ऐकले की "कोणत्या राज्यात?" असे विचारावे.

मूल सहाव्या वर्षी शाळेत जाते. शाळेत जाणे सक्तीचे आहे, घरी शिकवतो म्हणून चालत नाही. पहिली शाळा म्हणजे ग्रुंडशूले, आपली प्राथमिक शाळा. ती चार वर्षांची असते, फक्त बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांत सहा वर्षांची. या शाळेत सर्व थरांतील मुले एकत्र बसतात. आज हे साधे वाटते, पण ते मिळवावे लागले आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी सधन घरांतील मुलांसाठी फी घेणाऱ्या वेगळ्या पूर्वशाळा होत्या आणि तेथून ती मुले सरळ उच्च शाळेत जात. गरिबांच्या मुलांसाठी लोकशाळा. दोघांची गाठ पडत नसे. राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि १९२० साली कायदा झाला की पहिली चार वर्षे सर्वांची शाळा एकच राहील. भंगारवाल्याचा मुलगा आणि न्यायाधीशाचा मुलगा एका बाकावर बसू लागले. मात्र चारच वर्षे! शंभर वर्षे उलटून गेली तरी बहुतेक राज्यांत हा आकडा चारचाच आहे.

चौथीनंतर जे घडते तेच या व्यवस्थेचे मर्म आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मूल नऊ-दहा वर्षांचे असताना त्याची वाटणी होते. परंपरेने तीन वाटा आहेत. पहिली गिम्नाझियुम. हा शब्द ऐकून व्यायामशाळा डोळ्यांपुढे आणू नये. ही विद्यापीठाकडे नेणारी शाळा होय. बारावी किंवा तेरावीपर्यंत चालते आणि शेवटी आबिटूर नावाची परीक्षा असते. दुसरी रेआलशूले. ती दहावीपर्यंत असते, आणि तिच्यातून मुले कार्यालये, तांत्रिक कामे, व्यापार यांकडे वळतात. तिसरी हाउप्टशूले, नववी-दहावीपर्यंतची, हातकामाच्या व्यवसायांकडे नेणारी. हाउप्टशूले या नावाचा अर्थ 'मुख्य शाळा' असा आहे, कारण एके काळी बहुसंख्य मुले तेथेच जात. पुढे मुले कमी होत गेली आणि लोक तिला 'उरलेल्यांची शाळा' म्हणू लागले. ते नाव त्या शाळेतल्या मुलाच्या कानांवर कसे पडत असेल, याची कल्पना आपल्या वाचकांना वेगळी द्यावयास नको.

ही वाटणी कोण करतो? चौथीचे शिक्षक शिफारस करतात. काही राज्यांत शेवटचा शब्द पालकांचा, काही राज्यांत गुणांचा. बायर्नमध्ये जर्मन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. येथे वाचकांनी सावध राहावे : जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ६ हा सर्वांत वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले. त्यापलीकडे तिसरी शाळा, जिला त्या राज्यात आता 'मधली शाळा' असे नाव दिले आहे. गुण कमी पडले तर तीन दिवसांच्या चाचणी वर्गात बसून पुन्हा प्रयत्न करता येतो. आम्ही बँकेत दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर व्याज काढतो. पण दहा वर्षांच्या मुलाचा रस्ता दशांशावर ठरतो हे वाचून आम्हीही क्षणभर थबकलो.

कोणी म्हणेल, गुणांवरच तर ठरते, जन्मावर नाही. यात वावगे काय? या प्रश्नाचे उत्तर जर्मन लोकांना एका धक्क्यानेच मिळाले. २००० साली पिसा नावाची आंतरराष्ट्रीय पाहणी झाली. पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचन, गणित, विज्ञान तपासले गेले. डिसेंबर २००१ मध्ये निकाल जाहीर झाले तेव्हा जर्मनी सरासरीच्याही खाली होता. त्याहून बोचरी गोष्ट अशी, की मुलाची प्रगती आणि त्याच्या घरची परिस्थिती यांची गाठ जेथे सर्वांत घट्ट आहे अशा देशांत जर्मनीचा क्रमांक अगदी वर लागला. स्वतःच्या शाळांचा अभिमान बाळगणाऱ्या देशाला हे लागले, आणि 'पिसाचा धक्का' हा शब्दच तेथील भाषेत रूढ झाला. प्राथमिक शाळेतील वाचनाच्या पाहण्यांतूनही दिसून आले, की वाचनाची क्षमता सारखी असली तरी उच्चशिक्षित घरातील मुलाला गिम्नाझियुमची शिफारस मिळण्याची शक्यता कामगाराच्या मुलापेक्षा कितीतरी जास्त असते. शिक्षक दुष्ट असतात असे नव्हे. शाळा परंपरेने दुपारी सुटत असे, गृहपाठ घरी आईने करून घ्यायचा असे गृहीत धरलेले होते. ज्या घरी आई दुसऱ्यांच्या घरची फरशी पुसायला गेलेली, तेथे गृहपाठ कोण घेणार? शिक्षकही मनात हिशोब करतो की या मुलाला घरून आधार मिळणार नाही, मग कशाला गिम्नाझियुममध्ये पाठवून नापास करायचे. दया म्हणून केलेली ही शिफारस त्या मुलाला जन्मभर पुरते.

हे दुखणे जुने आहे. १९६० च्या दशकात तेथील समाजशास्त्रज्ञांनी एक कल्पित व्यक्ती उभी केली होती : खेड्यातील, कॅथॉलिक, कामगाराची मुलगी. खेडे, धर्मपंथ, वर्ग आणि स्त्रीजन्म अशा चारही बाजूंनी जिची वाट अडलेली, ती ही मुलगी. त्या काळी शंभरात जेमतेम सहा-सात मुले आबिटूरपर्यंत पोचत. त्यानंतर शाळा वाढल्या, आज हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, आणि मुली मुलांच्या पुढे गेल्या आहेत. परंतु वर्गाचा अडसर तेवढा हटला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, ज्या घरांत आई किंवा वडील विद्यापीठात शिकलेले आहेत अशा शंभर मुलांपैकी ७९ मुले उच्च शिक्षणाला जातात, ज्या घरांत कोणीच शिकलेले नाही अशा शंभरांपैकी २७. आणि हे सर्व अशा देशात, जेथे सरकारी शाळेला फी नाही आणि विद्यापीठालाही नाही! फी माफ केली की वाट मोकळी झाली, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. त्यांनी हे दोन आकडे जवळ बाळगावेत.

मग ही चाळण काढून का टाकत नाहीत? प्रयत्न झाले. पूर्व जर्मनीत दहावीपर्यंत सर्वांची एकच शाळा होती, १९९० च्या एकीकरणानंतर ती मोडली. पश्चिमेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिन्ही वाटा एका छपराखाली आणणाऱ्या एकत्रित शाळा निघाल्या. काही राज्यांनी खालच्या दोन शाळा एक केल्या, बर्लिनमध्ये २०१० पासून गिम्नाझियुम आणि दुसरी एक अशा दोनच वाटा आहेत. पिसानंतर २००३ पासून पूर्ण दिवसाच्या शाळांसाठी केंद्राने मोठा पैसा दिला. पण गिम्नाझियुमला हात लावण्याची कोणाची छाती होत नाही. हाम्बुर्ग शहरात विधानसभेतील सर्व पक्षांनी मिळून ठरविले होते की एकत्र शाळा चार ऐवजी सहा वर्षे करावी. विरोधकांनी सार्वमत मागितले. १८ जुलै २०१० रोजी मतदान झाले आणि योजना पडली. सधन वस्त्यांतील लोक मोठ्या संख्येने मतदानाला उतरले, ज्यांच्या मुलांचा फायदा होणार होता त्या गरीब वस्त्यांत मतदान कमी झाले. आमच्या मते या लेखातील सर्वांत बोलका प्रसंग हाच आहे.

एवढे वाचून जर्मनीविषयी कोणाचे मत वाईट झाले असेल तर जरा थांबावे. कारण ज्या मुलांना ही व्यवस्था गिम्नाझियुमबाहेर ठेवते, त्यांना ती रस्त्यावर सोडत नाही. येथेच ती गोष्ट येते जिचा आम्हांला मनापासून हेवा वाटतो, ती म्हणजे आउसबिल्डुंग, अर्थात व्यवसायशिक्षण. मुलगा किंवा मुलगी एखाद्या कारखान्याशी, दुकानाशी, रुग्णालयाशी करार करते. आठवड्यातले तीन-चार दिवस तेथे काम शिकायचे, एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जाऊन त्यामागचे शास्त्र, हिशोब, भाषा शिकायची. असे दोन ते साडेतीन वर्षे. या काळात मालक दरमहा वेतन देतो, त्याची किमान रक्कम २०२० पासून कायद्याने ठरविली आहे. तेव्हा पहिल्या वर्षाला दरमहा ५१५ युरो होती, २०२५ साली ६८२ युरो झाली. शेवटची परीक्षा मालक घेत नाही, उद्योग-व्यापार किंवा कारागिरीचे मंडळ घेते, म्हणून प्रमाणपत्र देशभर चालते. असे मान्यताप्राप्त व्यवसाय सव्वातीनशेहून अधिक आहेत. १९६९ साली याचा राष्ट्रीय कायदा झाला, पण मूळ जुन्या कारागीर संघांत आहे.

त्या यादीत आमचाही व्यवसाय आहे. तेथे बँकेच्या काउंटरवर बसायचे तर तीन वर्षांचे बँक कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालो, भरती परीक्षा दिली आणि बँकेत लागलो. लेजर म्हणजे काय ते पहिल्या दिवशी एका शिपाईकाकांनी समजावले. ते काका बारावी नापास होते आणि आमच्यापेक्षा चांगले काम जाणत होते, परंतु त्यांच्या जाणतेपणाला कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. जर्मनीत नळ जोडणारा, छप्पर घालणारा, पाव भाजणारा यांच्या जाणतेपणाला प्रमाणपत्र आहे. प्रशिक्षण पुरे करून काही वर्षे काम केल्यावर माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, ही परीक्षा देता येते. माइस्टर झालेला माणूस स्वतःचा कारखाना काढू शकतो, शिकाऊ मुले ठेवू शकतो. २००९ साली सर्व राज्यांनी मान्य केले की माइस्टरला आबिटूर नसतानाही विद्यापीठात प्रवेश मिळावा. ज्या समाजाने हातकामाबरोबर कमीपणाही वंशपरंपरेने दिला, त्या समाजात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे.

यालाच जोडून तिकडे 'शिक्षणाची दुसरी वाट' असा शब्दप्रयोग आहे. काम करून रात्रशाळेत शिकून आबिटूरपर्यंत जाण्याची ही सोय. गेर्हार्ड श्रोडर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४४ साली जन्म, त्याच वर्षी वडील युद्धात मारले गेले. आई दुसऱ्यांकडे सफाईची कामे करी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, दुकानात विक्रेत्याचे काम शिकले. रात्रशाळा करीत १९६६ साली आबिटूर मिळविले, ग्योटिंगेनला कायदा शिकले, आणि १९९८ ते २००५ देशाचे चान्सेलर होते. त्यांच्या राजकारणाशी आम्हांला येथे कर्तव्य नाही. आणखी एक उदाहरण संस्थेचे. २००८ साली काट्या उर्बाच या तरुणीने 'आर्बायटरकिंड' नावाची संस्था काढली. नावाचा अर्थ 'कामगाराचे मूल'. आपल्या घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात गेलेली मुले पुढच्या पहिल्या मुलांना अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्ती कोठे आहे, प्राध्यापकांशी कसे बोलायचे हे सांगतात. आपल्या अभ्यासिकेत रविवारी जे चालते तेच हे.

विद्यापीठांविषयी थोडक्यात. उच्च शिक्षणाच्या संस्था चारशेहून अधिक आहेत. हायडेलबर्गचे विद्यापीठ १३८६ चे, बर्लिनचे १८१० चे. शिकवणे आणि संशोधन एकत्र असावे हा आधुनिक विद्यापीठाचा विचार बर्लिनशी जोडला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही लंडनचा अभ्यास चालू असताना १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते, जरी पुढचे शिक्षण त्यांनी लंडनलाच पुरे केले. विद्यापीठांबरोबरच उपयोजित विज्ञानाच्या उच्च शाळा आहेत, त्यांचा भर अभियांत्रिकी, व्यवस्थापन, समाजकार्य अशा व्यवहारी विषयांवर असतो. १९९९ च्या बोलोन्या करारानंतर जुन्या दीर्घ पदव्यांच्या जागी बॅचलर आणि मास्टर आले. वैद्यक व कायदा यांना मात्र अजून राज्यपरीक्षाच आहे.

शिक्षणशुल्काचा इतिहास मनोरंजक आहे. २००५ साली तेथील घटना न्यायालयाने केंद्राची शुल्कबंदी रद्द केली. त्यानंतर सात राज्यांनी एका सत्राला ५०० युरोपर्यंत शुल्क लावले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवडणुकांत तो प्रश्न झाला, आणि २०१४ पर्यंत सर्व राज्यांनी ते मागे घेतले. तरीही 'फुकट' या शब्दाला आता अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले. गरीब जर्मन विद्यार्थ्यांसाठी १९७१ च्या कायद्याने राहणीखर्चाची मदत मिळते, सध्या निम्मी अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज. परतफेड कितीही झाली तरी १०,०१० युरोंच्या वर घेत नाहीत. आमच्या काउंटरवर शैक्षणिक कर्जाचे हप्ते भरायला येणारे पालक आठवले की ही तरतूद पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. परंतु आपल्याकडून शिकायला जाणाऱ्याला ती सहसा लागू नाही.

आता आपल्या विद्यार्थ्यांचे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्यांतील पुष्कळ जण येथे पदवी घेऊन तेथे मास्टरसाठी गेलेले आहेत, आणि इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम अधिक करून त्याच पातळीवर आहेत. केवळ बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. येथील मान्य विद्यापीठात त्याच शाखेचे एक वर्ष उत्तीर्ण व्हावे लागते, किंवा आय. आय. टी. ची जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. नाहीतर तेथील पूर्वतयारी महाविद्यालयात जाऊन परीक्षा द्यावी लागते. नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी कागदपत्रे तपासून घेतल्याचे ए. पी. एस. प्रमाणपत्र लागते. शिवाय वर्षभराचा राहणीखर्च एका अडवलेल्या खात्यात आधीच भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने दहा लाख रुपयांच्या वर. आमच्या भाषेत हे लीन लावलेले खाते. दरमहा ९९२ युरोच निघतात. फुकट शिक्षणाची ही दहा लाखांची बाजू पत्रकात बारीक अक्षरांतही नव्हती. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, परंतु त्याच्या भरवशावर पहिले वर्ष काढू नये असे तेथील दोघा मुलांनी बजावून सांगितले.

आउसबिल्डुंगची वाटही आपल्याकडील मुलांना खुली आहे, आणि तिची चौकशी फार थोडे करतात. त्यासाठी जर्मन भाषा साधारण बी-१ पातळीपर्यंत यावी लागते, परिचर्येसाठी पुष्कळदा बी-२. प्रशिक्षणाचा लेखी करार हाती असावा लागतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला तो याच गरजेतून. तिकडे परिचारिका, वीजतंत्री, वाहनदुरुस्ती यांची माणसे कमी पडत आहेत. करारावर शाळेचे किंवा रुग्णालयाचे नाव, वेतन आणि कालावधी हे तिन्ही लिहिलेले नसेल तर त्यावर सही करू नये.

त्या सभासदांच्या मुलाने पन्नास हजारांपैकी तीस हजार परत मिळविले, त्यासाठी सल्ला केंद्रात सात वेळा जावे लागले. त्याने येथेच बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षाला नाव घातले आणि पुण्याला जर्मनचा वर्ग लावला. बी-१ ची परीक्षा येत्या डिसेंबरात आहे. अभ्यासिकेच्या कपाटात आम्ही एक जर्मन-इंग्रजी शब्दकोश ठेवला आहे. सध्या तो त्याच्याकडेच असतो, पण आणखी कोणाला हवा असेल तर मागून घ्यावा.